मुलाचं पांघरूण तुकड्यांचंच का असावं

ब्रिस्टल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ब्रूस हूड आणि येल विद्यापीठातले पॉल ब्लूम यांचा लहान मुलांवरचा एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक यंत्र दाखवलं आणि हे यंत्र कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल तयार करतं, असं सांगितलं. यंत्र अर्थातच दिखाऊ होतं. साध्या खेळण्याची अशी ‘नक्कल’ निघाली की मुलं नवी वस्तू घ्यायला तयार असत. पण ज्यांना रात्री एक ठरावीक पांघरूण किंवा ठरावीक मऊ खेळणं जवळ असल्याशिवाय झोप लागत नव्हती, अशा मुलांनी बहुतेक करून आपली मूळ वस्तूच परत मागितली. काहींनी तर ती यंत्रात ठेवू द्यायलाच नकार दिला. त्याच्या कितीतरी आधी, १९५१ साली, डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने आणि मनोविश्लेषकाने अशा वस्तूंबद्दल एक महत्त्वाचा निबंध वाचला होता. मूल ज्या पांघरुणाला बिलगतं त्यालाच ते चावतं, ओढतं, फरपटत नेतं. ती वस्तू या प्रेमातून आणि या रागातून टिकून राहिली पाहिजे, आणि मुलाने स्वतः बदलल्याखेरीज ती बदलता कामा नये, असं त्याने नोंदवलं. आई ते पांघरूण मळकं, वासाचं होऊ देते, कारण धुण्याने त्यातलं सातत्य तुटेल हे तिला कळतं, हेही त्याचंच निरीक्षण.

मुलासाठी पांघरूण विणायला बसणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं असं मला वाटतं. रंग कुठले, वीण कुठली, बारशापर्यंत होईल का, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा, की ज्या वस्तूची अदलाबदल मुलाला चालत नाही आणि जिच्यावर पाच-सहा वर्षं रोजची ओढाताण होणार आहे, ती कशी बांधावी? चौकोनी तुकडे विणून जोडलेलं पांघरूण आपल्याकडे उरलेल्या लोकरीची सोय म्हणून किंवा नवशिक्या हाताचा सराव म्हणून ओळखलं जातं. खरं कसब एकसंध, नक्षीदार शालीत असतं असा समज आहे. मला हा समज उलटा वाटतो. मुलाच्या पांघरुणासाठी तुकड्यांची रचना हीच योग्य रचना आहे, आणि सगळे धागे नवेकोरे, एकाच रंगाचे आणले तरीही ती तशीच योग्य ठरते.

कारण विणकामाच्या स्वभावात आहे. मागावरच्या कापडात उभे आणि आडवे असे वेगवेगळे धागे एकमेकांना अडवून धरतात. एक धागा तुटला तर तेवढ्या जागी विरतं, पण बाकीचं कापड उभं राहतं. सुयांवर विणलेल्या कापडात एकच अखंड धागा फासांच्या ओळीमागून ओळी करत जातो, आणि प्रत्येक फास वरच्या फासाने धरलेला असतो. त्यामुळेच ते ताणलं जातं, अंगाभोवती बसतं, फासांमध्ये हवा धरून ऊब देतं. त्याचमुळे एका ठिकाणी धागा तुटला की त्या उभ्या रांगेतले टाके एकामागून एक सुटू लागतात. खरी लोकर असेल तर तंतूंवरच्या खवल्यांमुळे फास एकमेकांना थोडे चिकटून राहतात आणि सुटणं सावकाश होतं. गुळगुळीत धाग्यात ते भराभर होतं. एकसंध पांघरुणात ही रांग खालच्या काठापर्यंत मोकळी असते. चौकोनांच्या पांघरुणात मात्र प्रत्येक चौकोनाचे टाके स्वतंत्र घातलेले आणि स्वतंत्र बंद केलेले असतात, त्यामुळे सुटत जाणारा टाका फार तर त्या चौकोनाच्या कडेला येऊन थांबतो. नुकसान किती होणार याची हद्द विणतानाच ठरून जाते. आणि त्या हद्दीतलं सगळं काढून दुसरं बसवताही येतं, हे त्याहून महत्त्वाचं. एकसंध पांघरुणाच्या मधोमध पडलेलं भोक रफू करता येतं, ज्यांना येतं त्यांचं रफू सुंदरही असतं. पण तळहाताएवढी जागा झिजून विरळ झाली असेल तर तिथे धरायला शाबूत टाकेच उरलेले नसतात.

आता चौकोन विणायचा कसा, हे जरा सविस्तर पाहू, कारण विणकामातली सगळ्यात साधी वीण भूमितीच्या दृष्टीने किती नेमकी आहे हे त्यातून दिसतं. दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलटच विणल्या की कापडावर आडवे कंगोरे उमटतात; दोन ओळी मिळून एक कंगोरा. या विणीत एका टाक्याची रुंदी आणि एका कंगोऱ्याची उंची जवळजवळ सारखी असते. म्हणून जितके टाके तितके कंगोरे विणले की चौकोन तयार. फूटपट्टीसुद्धा लागत नाही. कर्णावर दुमडून कडा जुळतात का एवढं पाहायचं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशा नेहमीच्या विणीत हे साधत नाही, कारण तिथे टाका उंचीपेक्षा रुंद असतो. शिवाय त्या कापडाच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचा ताण वेगळा असल्याने कडा गुंडाळल्या जातात आणि जोडताना हातातून निसटतात. सगळ्या सुलट ओळींचं कापड दोन्हीकडून सारखं असतं, सपाट पडतं, आणि मुलाच्या पांघरुणाला उलटी बाजू नसणं हा काही लहान गुण नाही. व्हर्जिनिया वुड्स बेलामी या अमेरिकन बाईंनी या एका गुणधर्मावर आख्खी पद्धत उभी केली. १९५२ साली निघालेल्या त्यांच्या ‘नंबर निटिंग’ या पुस्तकात पांघरुणं आणि कपडे अशा चौकोन-त्रिकोणांतून, आलेखाच्या कागदावर चौकटी मोजाव्यात तसे, रचलेले आहेत.

आकड्यांत मांडायचं तर असं. मध्यम जाडीचा धागा आणि ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या क्रमांकाने ८ नंबरच्या (अमेरिकी नमुन्यांत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, तेव्हा तिथले नमुने वापरताना हे तपासावं), तर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २१ टाके बसतात. २० सेंटिमीटरच्या चौकोनाला ४२ टाके आणि ८४ ओळी, म्हणजे ३,५२८ टाके. सरावलेला हात मिनिटाला ३० टाके विणत असेल तर दोन तासांत एक चौकोन होतो. चार गुणिले पाच असे २० चौकोन जोडले की ८० बाय १०० सेंटिमीटरचं पांघरूण मिळतं, त्यात ७०,५६० टाके असतात आणि काठासकट अंदाजे अर्धा किलो धागा लागतो. एकसंध विणलं तरी टाके तेवढेच भरतात. पण तिथे सुईवर एका वेळी १६८ टाके असतात, आणि अर्ध्यावर आल्यावर सगळं वजन मांडीवर. एप्रिलच्या उकाड्यात ते कोणी विणत नाही, आणि अर्धवट पांघरुणं कपाटात पडून राहण्याचं हेच मोठं कारण असावं. चौकोन पिशवीत मावतो. त्यात चूक झाली तर उसवायचं तेही दोन तासांचंच काम.

उरलेल्या गुंड्यांसाठी तिरपा चौकोन सगळ्यात सोयीचा. एका टाक्याने सुरुवात करून प्रत्येक ओळीच्या आरंभी एक टाका वाढवत जायचं, मधल्या रुंदीला पोचलं की तसंच एकेक कमी करत यायचं. गुंडा आधी वजन करून ठेवला तर निम्मं वजन संपताच कमी करायला लागायचं. धागा पुरेल की नाही ही धाकधूक राहत नाही. चौकोनाच्या मापाचा हिशेब मात्र मग धाग्यावर सोपवावा लागतो, म्हणून एका पांघरुणात सगळे तिरपे चौकोन सारख्याच वजनाच्या, सारख्याच जाडीच्या धाग्याचे हवेत.

या रचनेवरचा पहिला आक्षेप शिवणीचा आहे, आणि तो खरा आक्षेप आहे. ज्यांना विणायला आवडतं त्यांना शिवायला क्वचितच आवडतं. त्यावर एक देखणा उपाय युरोपात रुळला आहे. बर्लिनचे होर्स्ट शुल्त्झ आणि त्यांच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या डेन्मार्कच्या विव्हियन हॉक्सब्रो यांनी तो लोकप्रिय केला. हॉक्सब्रो यांच्यामुळे तो ‘डॉमिनो’ विणकाम म्हणून ओळखला जातो. यात विषम संख्येने टाके घ्यायचे, समजा ४१, आणि एकाआड एक ओळीत मधल्या टाक्याशी दोन टाके कमी करत जायचं. शेवटी एकच टाका उरतो आणि मधून कर्ण गेलेला चौकोन हातात येतो. पुढच्या चौकोनाचे टाके या चौकोनाच्या कडेवरूनच उचलायचे, म्हणजे शिवण नाहीच. शाल किंवा जाकीट करायचं तर ही पद्धत उत्तम आहे. मुलाच्या पांघरुणाला मात्र मी ती सुचवणार नाही. दुसरा चौकोन पहिल्याच्या कडेतून उगवलेला असतो आणि तिसरा त्या दोघांच्या, त्यामुळे मधला एक खराब झाला तर शेजाऱ्यांना धक्का न लावता तो काढता येत नाही. शिवलेल्या पांघरुणात शिवणीचा धागा कापला की चौकोन अखंड बाहेर येतो. ज्या शिवणीचा कंटाळा येतो तीच दुरुस्तीची वाट आहे, म्हणून ती टाळण्यापेक्षा नीट शिकून घ्यावी. शेजारशेजारचे दोन चौकोन सपाट ठेवून एकाच्या कंगोऱ्यातून आणि समोरच्याच्या कंगोऱ्यातून आळीपाळीने धागा ओवत गेलं की जोड चपटा बसतो, पाठीला टोचत नाही. धागा पांघरुणाच्याच जातीचा आणि सैलसर ओढलेला हवा. शिवणयंत्राचा सुती दोरा वापरला तर तो ताणला जात नाही आणि ओढाताणीत विणलेल्या फासांना कापत जातो.

याच आक्षेपाचा दुसरा भाग धाग्याच्या टोकांचा. २० चौकोन म्हणजे किमान ४० टोकं. ही तक्रार केवळ कंटाळ्याची नाही, तिच्यात धोकाही आहे: सुटा धागा किंवा केस तान्ह्या बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडल्याचे प्रसंग डॉक्टरांना परिचित आहेत. तेव्हा टोकं कापून सोडून देणं इथे चालत नाही. टाके घालताना आणि बंद करतानाच हातभर धागा राखून ठेवला तर तोच शिवणीला वापरता येतो, आणि उरलेलं टोक कंगोऱ्यांच्या आतून आधी एका दिशेने, मग उलट दिशेने ओवलं की ओढलं तरी निघत नाही. हे काम चौकोन पूर्ण होताच करावं. झालर, गोंडे, मण्यांची फुलं आणि मोठी भोकं असलेल्या जाळीदार विणी मुलाच्या पांघरुणावर मला अनाठायी वाटतात. त्या बघणाऱ्यांसाठी असतात आणि बोटं अडकतात ती मुलाची.

धाग्याची निवड हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आपल्या दुकानांत लोकर म्हणून मिळणारा, मुख्यतः लुधियानाहून येणारा धागा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. तो स्वस्त, मऊ, रंगांनी समृद्ध आणि सहज धुता येणारा आहे, त्यामुळे त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण तो तापला की वितळतो आणि पेटला तर वितळून त्वचेला चिकटतो. ज्या घरात बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी दिली जाते, तिथे ॲक्रिलिकचं पांघरूण निखाऱ्यांच्या आसपास नसावं. गरम इस्त्रीही त्यावर फिरवू नये, त्याने कापडाचा लवचीकपणा कायमचा जातो. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, पण गरम पाण्यात घुसळली गेली की तिचे खवले एकमेकांत अडकून ती आटते आणि घट्ट होते. म्हणून यंत्रात धुण्याजोगी प्रक्रिया केलेली बारीक लोकरच मुलासाठी घ्यावी. तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड झाले की त्वचेला टोचू लागतात. धनगरांची घोंगडी ज्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची होते ती लोकर अशी जाड आहे. तिचे गुण पाऊस आणि रान सोसण्याचे आहेत, तान्ह्याच्या गालाचे नाहीत. आणि मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत लोकरीची गरजच काय, हाही प्रश्न रास्त आहे. तिथे सुती धागा बरा. तो जड असतो, घाम शोषतो, वाळायला वेळ लावतो आणि आपल्याच वजनाने लोंबतो. पण चौकोनांच्या शिवणी त्या लोंबण्याला जागोजागी अडवतात. एकसंध सुती पांघरुणात ते अडवायला कोणी नसतं. एकच नियम पाळावा: एका पांघरुणात एकाच जातीचा धागा. लोकरीच्या चौकोनाशेजारी ॲक्रिलिकचा चौकोन लावला तर धुण्यागणिक एक आटत जाईल, दुसरा नाही, आणि सगळं पांघरूण ओढलं जाईल.

यापेक्षा गंभीर आक्षेप डॉक्टरांचा आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सची शिफारस स्पष्ट आहे: पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत, कारण तोंड-नाक झाकलं जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. मग बारशाला पांघरूण द्यायचंच कशाला? ही शिफारस मी पूर्णपणे मान्य करते, आणि तिच्यामुळे तुकड्यांच्या पांघरुणाची बाजू उलट बळकट होते असं मला दिसतं. पहिल्या वर्षी हे पांघरूण जमिनीवर अंथरायचं, त्यावर बाळाला जागेपणी, नजरेसमोर पालथं पडू द्यायचं, मांडीवर घेताना खाली घ्यायचं. पांघरायला ते दुसऱ्या वाढदिवसाकडे जाताना येईल, आणि मुलाची ओढ जडते तीही साधारण याच काळात. म्हणजे ज्या वस्तूचा खरा उपयोग वर्षानंतर सुरू होऊन पुढे चार-पाच वर्षं चालायचा आहे, ती नवजात बाळाच्या मापाने विणून संपवणं हीच चूक. तुकड्यांचं पांघरूण वाढवता येतं. २० चौकोनांच्या पांघरुणाला आणखी १५ चौकोन जोडले की ते पाच गुणिले सात, म्हणजे १०० बाय १४० सेंटिमीटरचं होतं आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पायापर्यंत पोचतं. त्यासाठी बाहेरचा काठ उसवता येईल असा स्वतंत्र विणून लावलेला असावा.

बाजारात चारशे-पाचशे रुपयांना मऊ फ्लीसचं पांघरूण मिळत असताना हा खटाटोप का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर फ्लीसच्या निंदेने सुरू होत नाही. ते हलकं असतं, लवकर वाळतं, फाटलं तरी उसवत जात नाही. पण त्याचे गोळे होऊ लागले, ते पातळ झालं की दुसरं आणण्याखेरीज उपाय नसतो, आणि हूड-ब्लूम यांच्या प्रयोगातल्या मुलांना नेमकं ‘दुसरं’ नको होतं. दुसरा प्रश्न मराठी घरातून येणारच: गोधडी असताना विणायचं कशाला? गोधडी ही या विषयातली आपल्याकडची खरी मातब्बर रचना आहे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी फाटली की वरून नवं कापड घालून पुन्हा दोरे भरतात, आणि ती आणखी एक पिढी चालते. दुरुस्त होत राहणं हे तिचंही बळ आहे. फरक इतकाच, की गोधडीची दुरुस्ती थर चढवून होते, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीबरोबर ती जड होत जाते आणि जुना चेहरा नव्याखाली झाकला जातो. विणलेल्या पांघरुणाची दुरुस्ती काढून-बसवून होते. वजन तेवढंच राहतं आणि उरलेले एकोणीस चौकोन मुलाला दिसत राहतात. ज्याच्या घरी गोधडी शिवणारे हात आहेत त्याने गोधडीच द्यावी. ज्याच्या हाताला सुयांची सवय आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

तुकड्यांच्या रचनेचा आणखी एक पुरावा संस्थांच्या कामातून मिळतो. जोहान्सबर्गला ‘निट-अ-स्क्वेअर’ हा उपक्रम जगभरच्या विणणाऱ्यांकडून २० सेंटिमीटरचे चौकोन टपालाने मागवतो आणि तिथे ते जोडून अनाथ, गरजू मुलांसाठी पांघरुणं करतो. आख्खं पांघरूण परदेशी पाठवणं बहुतेकांना परवडणार नाही. एक चौकोन पाकिटातून जातो. चेन्नईच्या ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने जानेवारी २०१६ मध्ये ११,१४८.५ चौरस मीटरच्या क्रोशे पांघरुणाचा गिनेस विक्रम केला, तोही शेकडो स्त्रियांनी आपापल्या घरी विणलेले चौकोन एकत्र आणूनच. विक्रमाचं मला फारसं अप्रूप नाही, पण एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांचं काम एका कापडात बसवायचं तर एकक ठरवावं लागतं हे त्यातून कळतं. घरातही ते लागू आहे. दोन्हीकडच्या आज्या, मावशी, आत्या, परदेशी असलेली काकू यांनी प्रत्येकी चार चौकोन विणले तर पांघरूण होतं. प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा, त्यामुळे ४२ टाक्यांचे चौकोन कुणाचे १९ सेंटिमीटर भरतील, कुणाचे २१. हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याचं उत्तर सोपं आहे: लहान चौकोनाभोवती एक-दोन ओळींचा काठ विणायचा आणि सगळे एका मापाला आणायचे. टाके सगळ्यांनी सारखे घालावेत हा हट्ट सोडून माप सारखं यावं असं ठरवलं, तर याचीही गरज पडत नाही.

राहता राहिला विनिकॉटचाच आक्षेप. मुलाने बदलल्याखेरीज वस्तू बदलू नये, असं तो म्हणतो. मग चौकोन काढून नवा बसवणं हे त्या सातत्यावर घाला नव्हे काय? एका दिवसात पाच चौकोन बदलले तर होईल. पण चौकोन एकेक करूनच झिजतात, सहसा कडेचे आणि तोंडात जाणारे कोपरे आधी. त्या वेळी मुलाला विचारावं. तीन-चार वर्षांचं मूल कुठला चौकोन दुखावला आहे ते बोटाने दाखवू शकतं, नव्याचा रंग निवडू शकतं, शिवण घालताना शेजारी बसू शकतं. मग तो बदल त्याने केलेला बदल ठरतो, आणि विनिकॉटच्या अटीत तो बसतो. काढलेला जुना चौकोन टाकू नये. काही मुलांना तोच खिशात हवा असतो. या सगळ्यासाठी विणतानाच थोडी तरतूद लागते. प्रत्येक रंगाचा एका चौकोनापुरता, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, धागा बाजूला काढून ठेवावा, कारण त्याच रंगाचा, त्याच घाण्यात रंगवलेला धागा वर्षभराने दुकानात मिळत नाही. तो राखीव धागा पांघरुणाबरोबर अधूनमधून धुवावाही, म्हणजे नवा चौकोन बसेल तेव्हा त्याचा रंगही जुन्यांइतकाच उतरलेला असेल. सोबत एका चिठ्ठीवर टाके, सुईचा नंबर आणि धाग्याची जात लिहून ती पिशवी मुलाच्या आईवडिलांच्या हाती पांघरुणासोबतच द्यावी. दुरुस्ती करणारा हात कदाचित दुसराच असेल.